उलव्यावर चोवीस

हसुराम कडू, वय त्रेसष्ट,
बंदरातली क्रेन बत्तीस वर्षं चालवून निवृत्त,
दुकानात येऊन विचारतात:
प्रोसेसर बदलला तं इमान सरल जाईल काय?
सरळच जातंय की काका, म्हटलं.
जातंय रं, पन गचके खातंय.

उलवे, सेक्टर एकोणीस.
खाली माझं दुकान, वर क्लास, त्याच्या वर मेस.
नवा प्रोसेसर म्हणजे नवा मदरबोर्ड,
मदरबोर्ड आला की रॅमही नवी,
नवरदेवामागे वरात यावी तसं बिल.
एकोणचाळीस हजार. त्यात माझे तीन सुटतात.
हो म्हणायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

पण ज्यानं चाळीस टनांचा डबा
शंभर हात वरून
ट्रेलरच्या चार खुंट्यांवर अलगद बसवला,
त्याला अंदाजानं सांगायची लाज वाटली.
संध्याकाळी घरी गेलो.

शिलाई मशीनच्या टेबलावर कॉम्प्युटर.
जॉयस्टिकला काकींनी लोकरीची टोपी विणलेली,
धूळ नको म्हणून.

समुद्रावर पन्नास फ्रेम.
करंजाच्या धक्क्यापर्यंतही ठीक.
जासई मागे पडली की पस्तीस, तीस,
उलव्यावर चोवीस.
पंखा ओरडतो,
आणि दृश्य थांबत थांबत पुढे सरकतं,
जिन्यावरून कपाट उतरवावं तसं.

मी रिझोल्यूशन निम्मं केलं.
ग्राफिक कार्ड दमलं असतं तर आकडा उडाला असता.
सगळं धुरकट, खडबडीत,
आणि चोवीसच.
आत डोकावलो. आठ कोअर.
एकटा शंभर टक्क्यांवर चिखल तुडवतोय,
बाकीचे सात बांधावर बसून बघताहेत.
काका, दोष प्रोसेसरचाच, मी म्हणालो,
आणि बरं वाटलं नाही,
कारण एक फुकटचा उपाय अजून शिल्लक होता.

सेटिंगमधली एकेक पट्टी डावीकडे ओढली.
दुसरी विमानं शून्य.
रस्त्यावरच्या गाड्या शून्य. खाडीतल्या होड्या शून्य.
माणसं (हो, माणसांचीही पट्टी असते) शून्य.
छत्तीस!
विमान असं निघालं,
ओल्या फरशीवरून साबण जावा तसं.

काका बघत राहिले.
त्यांच्याकडचा नकाशा जुना आहे.
त्यात डोंगर अजून छाटलेला नाही,
नदीला तिचंच वळण आहे,
आणि पायथ्याला थोडी छपरं,
ज्या गावाचं नाव आता बसथांब्यावरही नाही.
नवा नकाशा फुकट उतरतो.
तो काका घेत नाहीत.

म्हणाले,
"मानसा कारली का सगलं सुरलीत चालतं,
ह्ये आमाना आदी येकदा सांगून झालंय."

मी माउसची वायर सरळ करत बसलो.
माझं दुकान कुणाच्या शेतावर उभं आहे
ते भाडेकरारात लिहिलेलं नसतं.

शनिवारी प्रोसेसर बसवला.
तीनातले दोन सोडले, एक ठेवला.
पेस्ट लावताना टॉर्च त्यांनीच धरला,
उजेड केसभरही हलला नाही.
मग सगळ्या पट्ट्या परत उजवीकडे.
होड्या आल्या. गाड्या आल्या.
ठिपक्यांएवढी माणसं आली, कुठल्या तरी देशाच्या कपड्यांत.
एकेचाळीस.

साठ नाही. कुणी विचारलं तर हल्ली एवढंच सांगतो:
समुद्रावरचे पन्नास पन्नासच राहतात,
जिथे दाटी आहे तिथेच काय तो फरक.
तुम्ही कुठे उडता ते आधी सांगा.

डोंगराच्या पायथ्याशी काकांनी वेग कमी केला,
एका बोटानं, क्रेनवाल्यासारखा.
काकी पिठाचे हात घेऊन दारात आल्या.
"आपली इहीर दिसली का वो?"
"व्हती आता," काका म्हणाले,
"आता थांबत नाय ना ती.
र्‍हा हुबी. फिरून येतो."